फॉरमॅटभाऊ

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा. तालुका कोणताही घ्या, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर एक फॉरमॅटभाऊ सापडतोच. त्याचं स्वतःचं दुकान असेलच असं नाही. कुणी झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसतो, कुणी पीकविम्याचे फॉर्म भरता भरता हे काम उरकतो. खिशात पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हमध्ये विंडोज आणि तोंडात एकच प्रश्न: ‘काका, डाटा पाहिजे का?’ लॅपटॉपला झालंय काय, हे त्यानं अजून विचारलेलं नसतं आणि तो विचारणारही नाही. बटण अडकतंय? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. स्क्रीनच फुटली असेल तर मात्र तो दुसरं काही सुचवतो, पण तेही क्षणभर विचार करून.

या माणसाची खरी परीक्षा चालता चालता अचानक बंद पडणाऱ्या लॅपटॉपपुढं होते. मार्चनंतर नवी हळद बाजारात येऊ लागते, ऊन चाळिशीपार जातं आणि अडत दुकानातला लॅपटॉप हिशेबाच्या मध्येच मान टाकतो. त्याचा मुक्काम बहुधा गादीवरच असतो. खालच्या जाळ्या गादीत बुडालेल्या, आतल्या पंख्यावर हळदीच्या धुळीचा पिवळा थर, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला वीजच तोडतो. हा बिघाड नाही, ही सोय आहे. दुसरा संशयित बॅटरी: चार्जर काढताक्षणी बंद पडला, तर तिच्याकडं बोट दाखवावं. हात लागला की बंद पडत असेल, तर चार्जरची पिन ढिली. शंका उरलीच, तर विंडोज सुरूच न करता बायोसच्या पानावर मशीन नुसतं ठेवून बघावं. तिथंही बंद पडलं तर विंडोज निर्दोष. टिकलं तर मात्र लगेच काही सिद्ध होत नाही, कारण तिथं कामाचा ताणच फारसा नसतो. विंडोज स्वतःही ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद ठेवतं. मशीन रीतसर बंद झालं नाही एवढंच ती सांगते, का ते सांगत नाही. पण केव्हा केव्हा, हे तरी कळतं. भाऊ मात्र फॉरमॅट मारून गुन्ह्यासकट पंचनामाही पुसून टाकतो. गंमत म्हणजे याच हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा आणि तो खरा की रस्त्यावरच्या ट्रकचा धक्का, हे आधी ठरवायचं, असा तिथला खाक्या. भाऊंच्या पद्धतीनं गेलो तर विश्वच फॉरमॅट करावं लागेल.

यावर कुणी म्हणेल, ‘पण फॉरमॅटनंतर चालतो की लॅपटॉप!’ चालतो, खरंय. नव्या विंडोजवर फापटपसारा नसतो, प्रोसेसरला काम कमी, म्हणून उष्णताही कमी. शिवाय फॉरमॅटचे दोन तास मशीन भाऊंच्या कडक टेबलावर, पंख्याखाली असतं. क्वचित एखादा ड्रायव्हर खरंच बिघडलेला असतो, तेव्हा तर भाऊ शंभर टक्के बरोबर ठरतात. पण लॅपटॉप परत गादीवर गेला, जुने प्रोग्रॅम परत आले, की दुखणंही परत. मग निदान: ‘व्हायरस आला असंल, कुणाचा पेनड्राइव्ह लावला का?’ पेनड्राइव्ह कुणी ना कुणी लावलेला असतोच.

म्हणून भाऊ अडाणी, असं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. झाकण उघडून पंखा साफ केला, नवी पेस्ट लावली, तर काम चटकन होतं आणि बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. ‘धूळ झटकायचे पैसे?’ असं विचारणारं गिऱ्हाईक आपणच असतो. फॉरमॅटमध्ये ठिपके गरगर फिरतात, टक्के वाढत जातात, शेवटी कोरा करकरीत वॉलपेपर येतो. काहीतरी मोठं झालं याची खात्री पटते आणि पैसे निघतात. वर धोका वेगळाच: झाकण उघडताना एक क्लिप तुटली तर भाऊ जन्मभर गुन्हेगार. फॉरमॅटमध्ये फार तर पुतणीच्या लग्नाचे फोटो जातात, आणि त्यावर त्याचा अटकपूर्व जामीन तयार असतो: ‘डाटा पाहिजे का, इचारलं होतं ना काका!’

त्याला खरं कारण ठाऊक असतं, याचा पुरावा त्याच्याच टेबलावर असतो. त्याचा स्वतःचा लॅपटॉप चार बाटल्यांच्या बुचांवर उचलून ठेवलेला, खालून हवा खेळती, बाजूला छोटा फॅन. तो कित्येक वर्षांत फॉरमॅट झालेला नसतो. कारण विचारलं तर मान वर न करता म्हणतो, ‘गरम होतंय ना काका, मग बंद पडतंय.’