हमी कोणाची?

सप्टेंबर 2025 मध्ये एन्व्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने 100 अब्ज डॉलरपर्यंत पैसे घालण्याचा इरादा जाहीर केला. ओपनएआय त्या पैशांचं काय करणार? अवाढव्य डेटा सेंटर उभारणार. त्यांत काय बसवणार? एन्व्हिडियाच्या चिपा. ओपनएआयने डेटा सेंटर भाड्याने देणाऱ्या ओरॅकलशी 300 अब्ज डॉलरचा करार केल्याची बातमीही त्याच महिन्यातली. आता ओरॅकल चिपा कुठून आणणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या इमारतीतल्या बायकांची भिशी अशीच फिरते. फरक इतकाच की भिशीचा पैसा शेवटी कुणाच्या तरी मिक्सरमध्ये नाहीतर पोराच्या फीमध्ये उतरतो, आणि दर महिन्याला साबुदाणावडे होतात ते वेगळेच. इथे पैसा फिरता फिरता फुगत गेला. ऑक्टोबरमध्ये एन्व्हिडियाचं बाजारमूल्य 5 लाख कोटी डॉलरवर गेलं. एवढी मजल जगात त्याआधी कुठल्याही कंपनीने मारली नव्हती.

यातून समाजाच्या पदरात काय पडलं, असं मला कुणी विचारलं तर आधी सोसायटीच्या नोटिशी आठवतात. आमचे सेक्रेटरी पूर्वी लिहायचे, 'उद्या पाणी नाही. भरून ठेवा.' आता चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, आणि तीन परिच्छेद येतात. पहिल्यात सामूहिक जबाबदारी, दुसऱ्यात जलसंवर्धन, आणि तिसऱ्याच्या शेवटी आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार. पाणी नक्की किती वाजता जाणार, हे मात्र जिन्यात भेटल्यावर त्यांनाच विचारावं लागतं. ते विचारलं की सांगतातही, चार शब्दांत.

असल्या भाषावैभवाला वीज लागते, आणि थोडीथोडकी नाही. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला 1979 मध्ये अणुभट्टीचा अपघात झाला होता. तिथली शेजारची, धडधाकट भट्टी 2019 मध्ये परवडेना म्हणून बंद केली. सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिची वीज 20 वर्षं घेण्याचा करार केला, आणि ती पुन्हा पेटवायचं ठरलं. आमच्या जिन्यातल्या नोटिशीसाठी कुणी अणुभट्टी पेटवणार नाही, हे मला कळतं. पण जगभरच्या सगळ्या सेक्रेटऱ्यांची बेरीज केली, तर खात्री देता येत नाही.

सगळंच असं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या विद्येचे एक आद्य आचार्य जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणं आता थांबवा, पाचेक वर्षांत, फार तर दहा, यंत्रच त्यांच्याहून सरस होईल. हिंटन यांना 2024 मध्ये नोबेल मिळालं. रेडिओलॉजिस्टांचं काही बिघडलं नाही, आपण अजूनही त्यांच्या रिपोर्टची वाट बघत बाकावर बसतो. मात्र जिथे ते बाकही नाही आणि रेडिओलॉजिस्टही नाही, तिथे छातीचा एक्स-रे बघून क्षयाची शंका घेणारं सॉफ्टवेअर खरोखरच कामाला आलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली, म्हणजे चॅटजीपीटी यायच्याही आधी. असलं सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनी तर आपल्या मुंबईचीच आहे. पण खोकणाऱ्या माणसाचं दुखणं वेळेत सापडलं म्हणून कुठला शेअर बाजार उसळत नाही.

उधाण ओसरल्यावरही मागे काहीतरी उरतंच, असं जाणकार सांगतात, आणि दाखला देतात आगगाडीचा. 1840 च्या दशकात इंग्लंडला रेल्वेच्या शेअरचं वेड लागलं. रेल्वेसम्राट म्हणून मिरवणारा जॉर्ज हडसन 1849 मध्ये कोसळला, कित्येकांची पुंजी बुडाली, पण रूळ राहिले. हे खरं आहे. फक्त रूळ पिढ्यान् पिढ्या टिकतात आणि चिप काही वर्षांत जुनाट होते, हा भाग जाणकार जरा घाईने उरकतात.

आणखी एक भाग ते सांगतच नाहीत. तोंड पोळलेल्या त्या भांडवलदारांनी पुढे मुंबईकडे पैसा पाठवताना आधी हमी मागितली. मुंबईत रूळ टाकणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेशी 1849 मध्ये झालेल्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी दिली. कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे पर्यायाने शेतसारा भरणाऱ्याच्या खिशातून. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, आणि तिच्यावाचून आज मुंबईचं पान हलत नाही. लोकांना गाडी मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. जोखीमही त्यांनाच मिळाली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये ओपनएआयच्या अर्थप्रमुख सारा फ्रायर एका कार्यक्रमात बोलता बोलता सरकारी पाठबळाबद्दल, कर्जाच्या हमीबद्दल काहीतरी बोलून गेल्या. गदारोळ झाला. लगेच खुलासा आला की तसं म्हणायचं नव्हतं, आणि पाठोपाठ कंपनीच्या मुख्य साहेबांनीही सांगितलं की आमच्या डेटा सेंटरना सरकारी हमी आम्हाला नकोच आहे. खुलासा मुद्देसूद होता. मी तो दोनदा वाचला आणि कात्रण काढून ठेवलं.