प्रिंटरचे विलीनीकरण

दादरा-नगर हवेलीतल्या नरोलीच्या माणसाला विलीनीकरण म्हणजे काय हे शिकवायला नको. २८ जुलै १९५४ रोजी स्वयंसेवकांनी इथली पोर्तुगीजांची पोलीस चौकी घेतली, २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले, आणि पुढची सात वर्षे हा मुलूख कुठल्याच यादीत बसेना. जमीन आपली, माणसे आपली, कारभार वरिष्ठ पंचायतीचा. फक्त भारताच्या नकाशात रीतसर नोंद नाही. अखेर ११ ऑगस्ट १९६१ रोजी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यांना एका दिवसापुरते या मुलखाचे पंतप्रधान केले गेले. कारण विलीनीकरणाच्या करारावर भारताकडून सहीला पंडित नेहरू असतील, तर आमच्याकडूनही पंतप्रधानच हवा! सही झाली आणि गाडे मार्गी लागले.

आमच्या घरातला लेझर प्रिंटर सध्या त्या सात वर्षांच्या मधल्या काळात आहे. तो घरात आहे, टेबलावर आहे, विजेच्या बोर्डाला जोडलेला आहे. छापतोही उत्तम; मागचे बटण दाबून धरले की चाचणीचे पान असे खणखणीत काढतो की वाचायला चष्मा लागत नाही. फक्त नव्या लॅपटॉपच्या यादीत त्याचे नाव नाही.

करसवलतींच्या दिवसांत सिल्वासा-नरोली पट्ट्यात धाग्याचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या हपिसांतून निवृत्त झालेले प्रिंटर पुढे भंगाराच्या वाटेने घरोघर पोचले. आमचा त्यातलाच. झाकणावर अजून ‘अकाउंट्स – हात लावू नये’ अशी चिकटपट्टी आहे. कागदाचा ट्रे खाली घसरतो म्हणून आधीच्या मालकाने त्यात कुणाचे तरी व्हिजिटिंग कार्ड चार घड्या घालून खुपसले आहे. ते काढायचे नाही, हा नियम आम्हीही पाळतो. टोनर संपला की भरून देणारा मुलगा येतो, काळे हात पँटला पुसतो आणि कुठल्याही प्रश्नावर ‘थई जशे, साहेब’ म्हणतो. कार्ट्रिजच्या बाबतीत त्याचा शब्द आजवर खोटा ठरलेला नाही. नेटवर्कबद्दल विचारले तेव्हाही त्याने हेच सांगितले, पण दाराकडे सरकत.

यात प्रिंटरचा दोष किती? २००० नंतरच्या दशकात स्वस्त लेझर प्रिंटर घराघरांत आले ते डोके काढून घेऊनच. पान कसे दिसायचे याचे सगळे गणित संगणकाने करायचे आणि प्रिंटरने ठिपके उमटवायचे. स्वस्ताईचे रहस्य एवढेच. त्यामुळे ड्रायव्हर गेला की प्रिंटर बधिर. त्याच काळातल्या कचेऱ्यांतल्या ज्या धिप्पाड यंत्रांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा येते, ती आजही सामाईक ड्रायव्हरवर निमूट चालतात. आणि सगळ्यांत चिवट तो डॉट मॅट्रिक्स. ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलावर कर्रकर्र करत कार्बनच्या तीन प्रतींचे चलन फाडून देणाऱ्या त्या डब्याला ‘टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर दिला की मजकूर छापायला पुरतो. माझ्या मते छपाईच्या धंद्यात प्रामाणिक म्हणावे असे एवढे एकच यंत्र उरले आहे.

आमच्या प्रिंटरचा शेवटचा ड्रायव्हर ३२ बिटी. विंडोज ११ फक्त ६४ बिटी. शिवाय ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते, आणि ती करायला कंपनीत आता कुणी बसलेले नाही. बदलानींसारखा कुणी एका दिवसापुरता नेमता आला असता तर आम्ही त्याला चहा-फाफडा देऊन घरी बसवला असता.

मग जाणते सुचवतात की प्रिंटर जुन्या डेस्कटॉपला जोडा आणि नेटवर्कवर ‘शेअर’ करा. इथे मला हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय आठवते. दमणहून या मुलखात यायला भारताच्या हद्दीतून वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने १९५५ मध्ये तिथे दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. आमच्या घरातल्या फायरवॉलने हा निकाल पाठ केलेला दिसतो. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला हाक मारली की तो ओ देतो, फोटो येतात-जातात, लग्नाचा व्हिडिओसुद्धा जातो. छापायचे पान तेवढे सीमेवर अडते.

हा पहारा काही उगीच वाढलेला नाही. विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणारा स्पूलर नावाचा कारकून असतो. जुलै २०२१ मध्ये त्याच्यात मोठे भगदाड सापडले, नाव पडले ‘प्रिंटनाइटमेअर’. त्यातून बाहेरच्याला अख्ख्या संगणकाचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने घाईघाईने डागडुजी केली. ऑगस्टपासून ड्रायव्हर बसवायला प्रशासकाची परवानगी लागू लागली, आणि सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर जगभरच्या कचेऱ्यांत शेअर केलेले प्रिंटर पटापट गप्प झाले. त्याआधीच २०१७ पासून फाइली वाटून घेण्याची जुनी एसएमबी-१ पद्धत नव्या विंडोजमध्ये बंद होऊ लागली होती, तीही सुरक्षेसाठीच आणि योग्य कारणाने. चोरांसाठी लावलेल्या कुलपात घरचेच अडकले, इतकेच.

रांगेत अडकलेले पान म्हणजे तर निराळेच प्रकरण. रद्द करा म्हटले की ‘डिलीटिंग’ असे लिहून येते आणि ते तसेच राहते. सरकारी फायलीवर ‘कार्यवाही सुरू’ असा शेरा असतो, त्यातला प्रकार. उपाय आहे: स्पूलर बंद करायचा, त्याच्या फोल्डरातला कचरा हाताने काढायचा, पुन्हा चालू करायचा. एवढे घरात एकाला यावेच. केबल दुसऱ्या खाचेत लावली की तोच प्रिंटर ‘कॉपी १’ नावाने नव्याने जन्म घेतो आणि जुना ‘ऑफलाइन’ म्हणून यादीत तसाच राहतो. आमच्या यादीत आता एकत्र कुटुंब नांदते आहे.

ज्यांचा प्रिंटर थेट राउटरला जोडता येतो ते भाग्यवान, पण पावसाळ्यात वीज गेली-आली की राउटर त्याला नवा पत्ता देऊ शकतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. पत्ता बदलण्याचे दुःख आम्हाला नवे नाही. २६ जानेवारी २०२० पासून आमच्या प्रदेशाचे नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’. ऑनलाइन अर्जाचा रकाना दुसऱ्या ‘आणि’पाशीच दम टाकतो. प्रिंटरला मात्र राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कायमचा पत्ता बांधून देता येतो. मग टीसीपी/आयपी पोर्ट करून तोच पत्ता लॅपटॉपला सांगावा. जुना वायफाय प्रिंटर असेल तर त्याला बहुधा २.४ गिगाहर्ट्झच कळते, ५ वर त्याला शोधण्यात रात्र घालवू नये.

प्रिंटरने माणसाचे डोके फिरवणे ही तशी जुनी परंपरा आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीतल्या झेरॉक्स लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर हवा होता, मिळाला नाही. ते चिडले, आणि पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज लिनक्सवर कप्स नावाची छपाईव्यवस्था आहे; तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर ती बसवली की कंपनीने टाकून दिलेले कितीतरी प्रिंटर वायफायवर हजर होतात, फोनवरूनसुद्धा. हाच खरा उपाय, यात मला शंका नाही. पुण्याला नोकरी करणारा आमचा मुलगाही हेच सांगतो. पण तो दिवाळीला येणार, आणि आल्यावर म्हणणार, “बाबा, नवाच घ्या ना.”

नव्याचे काय ते सप्टेंबर २०२३ मध्येच कळले. मायक्रोसॉफ्टने तेव्हा जाहीर केले की प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने बंद होणार आणि सगळ्यांनी एकाच आयपीपी पद्धतीने बोलायचे. धोरण म्हणून चांगलेच आहे. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांच्यासाठी कुठलाही करार ठरलेला नाही, इतकेच.

तोवर आम्ही प्रिंटरला स्वतःची वरिष्ठ पंचायत देऊन टाकतो आहोत. जुना संगणक फक्त त्याचाच कारभार पाहील, आणि लॅपटॉपवरची फाइल पेनड्राइव्हवर घालून या टेबलावरून त्या टेबलावर नेली जाईल. अडचण अशी की आमचा डेस्कटॉप परवा पूर्ण बसला. तेव्हा नरोली, सिल्वासा, भिलाड भागात कुणाच्या माळ्यावर ३२ बिटी विंडोज ७ चा चालू स्थितीतला संगणक धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी कळवा. मॉनिटर नसला तरी चालेल. त्याला इंटरनेट कधीही जोडणार नाही, एवढा शब्द देतो.