नव्या पाळकीणबाईंसाठी सूचना (मंडळीत वाचून दाखवू नयेत)

प्रस्तुत सूचना जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पाळकाशी लग्न करून येणाऱ्या, तसेच लग्न आधीच होऊन गेल्यामुळे निरुपाय झालेल्या भगिनींसाठी आहेत. पाळकसाहेबांना सेमिनरीत ग्रीक शिकवतात, हिब्रू शिकवतात, मंडळीचा इतिहास आणि प्रवचन कसे करावे हेही शिकवतात. त्यांच्या बायकोला कोणी काही शिकवत नाही. तिला थेट कामावर हजर करून घेतात. पगार एकाचा, नेमणूक दोघांची.

नियम १. शास्त्राधार शोधत बसू नये.

सापडत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाने कसे असावे याची भली मोठी यादी आहे. त्याला एकच बायको असावी, त्याने घर नीट चालवावे, त्याला पाहुण्यांची आवड असावी. आवड त्यांना असली तर पोळ्या कोणी लाटायच्या, याबद्दल पौल गप्प आहे. पौल अविवाहित होता. पेत्राचे लग्न झाले होते, पण तेही आपल्याला कळते ते त्याच्या सासूमुळे. ती तापाने पडली होती, प्रभूने हात धरून उठवले, ताप गेला आणि बाई लगेच सगळ्यांच्या सेवेला लागली. जरा पडू का, असे तिने विचारल्याची नोंद नाही. तिच्या मुलीचा, म्हणजे खुद्द पेत्राच्या बायकोचा, पुढे करिंथकरांच्या पत्रात ओझरता उल्लेख येतो: तो तिला प्रवासात बरोबर नेत असे. नाव दिलेले नाही. आपल्या पदाची परंपरा इतकी जुनी आहे.

नियम २. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये.

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. आपली घरे इथे चार, तिथे दोन. एक नर्सबाई, एक निवृत्त गुरुजी, एक एसटीतले कंडक्टर. शहरातल्या पाळकाची माणसे चर्चला येतात. इथे चर्च मोटारसायकलवर बसून माणसांकडे जाते आणि मागच्या सीटवर, मांडीवर पेटी घेऊन, आपण असतो.

संध्याकाळच्या प्रार्थनासभेची वेळ सातची ठेवली तर ती आठला सुरू होते आणि परतीचा रस्ता उसातून असतो. उसात बिबट्या असतो. दानिएलाला सिंहांच्या गुहेत टाकले होते हे खरे, पण त्याला तिथून रात्री साडेनऊला दुचाकी काढायची नव्हती. म्हणून सभा दिवेलागणीच्या आत उरकावी, कमिटी काहीही म्हणो. उशीर झालाच तर एकटे निघू नये, बॅटरी हाती असावी, लेकरू दोन मोठ्या माणसांच्या मध्ये चालावे, रस्त्याकडेला खाली बसू नये, मोठ्याने बोलत वा गात राहावे. वनखाते आणि स्तोत्रकर्ता यांचे एकमत होणारी ही बहुधा एकमेव जागा. आमच्या साहेबांच्या सुराने तर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातलेही मागे सरतील, अशी माझी श्रद्धा आहे.

हसण्यावारी मात्र नेऊ नका. या भागात माणसे गेली आहेत, लेकरे गेली आहेत. रात्रीची वीज मिळते म्हणून रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला कोणी गात जा म्हणून सांगावे, हेही बरे नव्हे. अशा घरी गेल्यावर पाळकसाहेब वचन वाचतात. आपण शेजारच्या घरात जाऊन भाकऱ्या थापायला बसावे. ज्या घरातले माणूस गेले तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि लांबून आलेली माणसे सकाळपासून उपाशी असतात. हे काम वचनाच्या खालचे आहे असे मला कधी वाटले नाही.

नियम ३. बसण्याची जागा.

पुढच्या बाकावर बसलात तर मिरवते. मागे बसलात तर रुसली आहे. मधे, खांबाशेजारी.

नियम ३-अ. नवी साडी ईस्टरच्या आधी नेसू नये. जुनी कधीच नेसू नये.

नियम ४. बिशपसाहेबांची भेट.

यांना कळते महिनाभर आधी, आपल्याला आदल्या दिवशी. घाबरू नये, मासवडी करावी. बाहेरच्या माणसाला ती या मुलखाची ओळख वाटते आणि बिशपसाहेब नेहमीच बाहेरचे असतात. सारण आधी करून ठेवावे: भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण, परतून कोरडा केलेला कांदा, कोथिंबीर. सारणात ओल राहिली तर वडी कापताना फुटते आणि कमिटीच्या बायका एकमेकींकडे बघतात. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन एका हाताने सोडावे, दुसऱ्याने न थांबता घोटावे. गुठळी झाली की ती शेवटपर्यंत सोबत करते. ओल्या फडक्यावर गरम असतानाच, हाताला तेल लावून, पातळ थापावे. चटका बसतो. बसू द्यावा. गार झाले की थापले जात नाही. सारण पसरून फडक्यानेच गुंडाळी करावी, माशाचा आकार द्यावा, कापावी. रस्सा झणझणीत, पण बिशपसाहेबांच्या वाटीत वरची तर्री कमी.

पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजार जेवले, हे प्रवचन त्या दिवशी हमखास होते. आपल्या माशात मासा नसतो, तरी कमिटी दोनदा वाढून घेते.

नियम ५. प्रवचन.

मंडळी ते एकदा ऐकते. आपण शनिवारी रात्री, रविवारी सकाळी आणि रविवारी दुपारी दुसऱ्या गावी, असे तीनदा. व्यासपीठावर हात कुठे आपटणार हे आपल्याला आधी माहीत असते. त्या क्षणी दचकून दाखवावे. सोमवारी चहाच्या वेळी ‘काल कसे झाले?’ असा प्रश्न येतो. ‘मधला भाग फार चांगला होता’ म्हणावे. मधला भाग कुठला, हे ते स्वतःच ठरवतात आणि दिवसभर खूश राहतात.

नियम ६. प्रसाद.

हा कठीण आहे. अष्टविनायकांतले दोन, लेण्याद्री आणि ओझर, आपल्याच जुन्नर तालुक्यात आहेत आणि शेजारीण भाविक आहे. पौलाने करिंथकरांना एक पळवाट ठेवली होती: समोर आलेले निमूट खा, चौकशी करू नका, मात्र नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितलेच, तर सांगणाऱ्यासाठी थांबा. आमची शेजारीण फाटकापासूनच ओरडत येते, ‘पाळकीणबाई, ओझरचा प्रसाद आणलाय हो!’ पळवाट तिथेच बंद.

माझा नियम असा: ताट दोन्ही हातांनी घ्यावे, तिला बसवावे, चहा द्यावा. आत नेल्यावर मोदकाचे काय होते ते मी लिहिणार नाही. या सूचना मंडळीच्या हाती पडणार हे मला ठाऊक आहे. ताट रिकामे परत जाऊ नये. नाताळच्या करंज्या आणि चकल्या तिच्याच ताटातून जाव्यात. माझ्या आजारपणात सगळ्यात आधी पेजेचे पातेले घेऊन कोण आले होते, हे कमिटीने विचारले तर सांगेन.

लक्ष्मीबाई टिळकांना हाच पेच उलट बाजूने पडला होता. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, पण सोवळे आणि पाणी आपले वेगळे ठेवून. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी भांडून सोडवला, मगच कोणाच्याही हातचे पाणी चालू झाले. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. आमची मंडळी असे धरून चालते की श्रद्धा रेशनकार्डासारखी असते: कुटुंबप्रमुखाच्या नावावर काढली की खाली बायकोचे नाव आपोआप चढते. तसे नसते हो. कधी आठवडाभर माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. तेव्हा मी ‘उपासना संगीत’ उघडून टिळकांची भजने म्हणते, भांडी घासता घासता, आणि ज्या बाईने पाच वर्षे लावली तिची मला मोठी सोबत वाटते.

नियम ७. अर्धवट राहिलेली कामे.

पाळक ही मोठी कामे सुरू करणारी जात आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा अकराच अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ लिहिले. त्या मानाने आपले नशीब बरे. आमच्याकडे न्हाणीघराचा नळ, बाप्तिस्म्याची नोंदवही आणि छपराची तीन कौले एवढेच साहेबांनी बाकी ठेवले. नोंदवही मी पुरी केली. अक्षर त्यांच्यासारखे काढता येते.

नियम ८. बदलीची खोकी टाकून देऊ नयेत.

नियम ९. तक्रार कोणाकडे करावी.

मंडळीत सून सासूची तक्रार घेऊन येते, नवरा बायकोची, पेटीवाला ढोलकीवाल्याची. पाळकसाहेब सगळ्यांचे ऐकतात, डोळे मिटून, मान हलवत. प्रत्येकाला पाळक असतो. पाळकाच्या बायकोला नसतो. म्हणजे असतो, पण तक्रार त्याचीच असते. अर्धा पगार कोणाला देऊन आलात, चार माणसे जेवायला सांगितलीत ती मला कधी सांगणार होतात, लेकराच्या शाळेची मीटिंग कोणाच्या अंत्यविधीमुळे चुकली; हे सगळे कोणाला सांगायचे? देवाला सांगावे, असे पुस्तकात आहे आणि मी सांगते. पण देव मधेच ‘अगबाई, आमचेही अगदी तस्सेच!’ असे म्हणत नाही.

त्यासाठी दुसऱ्या पंथाची पाळकीणबाई गाठावी. आपल्या पंथातली नको, बातमी फिरते. माझी मंचरकडची आहे. आमच्या दोघींच्या साहेबांचे बाप्तिस्मा बुडवून द्यावा की शिंपडून, यावर वर्षानुवर्षे जुळलेले नाही. आमचे पहिल्या फोनलाच जुळले. सोमवार हा पाळकांचा सुटीचा दिवस, दोन्हीकडचे साहेब जेवून झोपलेले असतात. दुपारी दोन ते चार माझा फोन एंगेज लागेल. त्या वेळात चहा कोणी मागू नये. दूध फ्रीजमध्ये आहे, साखर खालच्या फळीवर, आणि ज्यांना ग्रीक येते त्यांना गॅस पेटवता यायला हरकत नाही.