गुंड्याचा मौनाभ्यास

नोएडा, 24 ऑगस्ट 2025

ती. आई-बाबांस सा. न.

डाळ कुकरला लावली आहे, तेवढ्यात लिहिते. आई, गुंड्याला कुणीही उचलून नेलेलं नाही. सुप्रीम कोर्टाचा 11 तारखेचा उचलून नेण्याचा हुकूम भटक्या कुत्र्यांसाठी होता आणि परवा, 22 तारखेला, तोही बदलला. नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथेच सोडा. पिसाळलेली आणि चावरी तेवढी वगळून. आपल्या गुंड्याच्या गळ्यात पट्टा आहे, नोएडा प्राधिकरणात नोंदणीही झाली आहे. तेव्हा टीव्ही बघून रात्री साडेअकराला फोन करत जाऊ नकोस. फोन वाजला की हा भुंकतो, याचं ऐकून खालची भटकी भुंकतात आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आमचा फ्लॅट नंबर झळकतो.

पार्सल मिळालं. झांजा छान आहेत. भडंग गुंड्याला देत नाही. लसूण कुत्र्यांना बाधतो, शिवाय मलाच पुरत नाही.

सोसायटीने नोटीस लावली आहे : कुत्रं भुंकलं तर दंड. म्हणजे चावलं तर नव्हे, नुसतं भुंकलं तर! केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच सांगून ठेवलंय, की भुंकणं हा कुत्र्याचा स्वभाव, तो शेजाऱ्यांनी सोसायचा. मालकाने रात्री आवरायचं. मी तो कागद दाखवला. सेक्रेटरी अंकल म्हणाले, ‘बेटा, शांती चाहिए.’ रात्री दहानंतर रहिवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. ती त्यांच्या मुलाच्या वरातीत डीजेवाल्याला कुणी सांगितली नव्हती. बाबा, तुम्ही असता तर अर्ज लिहिला असतात, तोही सहा प्रतींत.

ट्रेनरला विचारलं. महिन्याचे बारा हजार! तेवढ्यात दादाचं बी.कॉम. झालं होतं. मग आम्हीच शिकवणी घेतली. तुमचे जावई ‘गप्प!’ म्हणून ओरडतात, तेव्हा गुंड्याला वाटतं घरातला मोठा माणूसही आता साथीला आलाय, आणि तो दुप्पट जोरात भुंकतो. म्हणून ओरडायचं बंद. दाराच्या बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. अगदी बारीक आवाजात लावायचा. तो गप्प राहिला की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मग आवाज किंचित मोठा. भुंकला की पुन्हा बारीक. तुकडा गप्प असतानाच द्यायचा, नाहीतर भुंकण्याचीच बक्षिसी होते. बाल्कनीच्या काचेला खालून कागद चिकटवलाय, त्यामुळे आता खालून जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घेता येत नाही. सकाळी फिरताना हवं ते मनसोक्त हुंगू देतो. दमला की दुपारी निजतो. बेलचं आता बरंच जमलंय.

आपला मोत्या रात्रभर भुंकायचा, आठवतं? त्याच्या आवाजावरून तू आतूनच सांगायचीस, पोस्टमन आलाय की आत्या. इथे दिवसातून दहादा बेल वाजते आणि दारात दूधवाला नाहीतर डिलिव्हरीचा पोरगा. बेल वाजली आणि आपलं माणूस आलं, असं या घरात अजून झालेलं नाही.

जाऊ दे. बुधवारी गणपती बसतात. झांजांसाठीही तोच धडा चाललाय : पहिल्या दिवशी मी झांजा टॉवेलमध्ये गुंडाळून वाजवल्या. ‘सुखकर्ता’ला तो गप्प बसतो, ‘घालीन लोटांगण’ला टाळ्यांचा वेग वाढला की त्याचा धीर सुटतो. तशी नानाकाकांचीही तीच गत, आणि त्यांना आजवर कुणी अंडं दिलेलं नाही.

आत्या गौरींना पुरणपोळ्या विकतच्या आणणार, हे खरं का? आणि वहिनी त्यावरून रुसली, हेही? मला तिने फोनवर सांगितलं ते वेगळंच. तिच्या मते पोळ्यांचं निमित्त आहे, खरं भांडण चांदीच्या ताम्हनाचं.

बाबा, दिवाळीनंतर धुरात येऊ नका, दसऱ्याच्या आधीच या. गोवा एक्सप्रेस मिरजेला पकडलीत की थेट निजामुद्दीन. तिकीट काढा, आणि त्याआधी ताम्हन नक्की कुणाकडे आहे ते तेवढं विचारून ठेवा.

तुमची,
माई