परत नको, असं लिहून द्या

ति. बाबा, आई, दादा, वहिनी आणि ओट्यावर जमलेल्या सगळ्यांना,

मिसिसागाहून धाकट्याचा आणि सूनबाईचा नमस्कार. बाबा हे पत्र मोठ्याने वाचणार, निम्मी गल्ली ऐकणार आणि संध्याकाळपर्यंत ते एसटी स्टँडवर भलत्याच रूपात पोचणार, हे धाकट्याला ठाऊक आहे. म्हणून त्याने ‘मी’ला रजा दिली आहे आणि सगळं बातमीसारखं लिहिलं आहे. सांगोवांगीत तिखटमीठ लागलं तरी निदान कोण काय म्हणालं यात गोंधळ नको.

बातमी अशी की घर ठरलं. घर बँकेलाही पसंत आहे. अडलंय ते बाबांच्या एका सहीवर.

त्या दिवशी फोनवर धाकट्याने सांगितलं, की बाबा जे दहा लाख रुपये देणार आहेत त्यासोबत एक कागद लागेल. त्यावर ‘ही भेट आहे, रक्कम परत घेणार नाही’ असं लिहून सही करायची. बाबा म्हणाले, “पैसे मीच देऊन राह्यलो ना? मंग वरून सही कायले? अन् वापस नाई पाह्यजे असं लिहून द्याचं? काहून, तुले द्याचे नाई काय?” तेवढ्यात मागे वहिनींच्या भांड्यांचा आवाज जरा वाढला. हे लांबलचक पत्र त्या आवाजासाठी आहे.

घर हॅमिल्टनला, टाउनहाउस आहे. रांगेतली घरं, भिंतीला भिंत लागून. बार्शीटाकळीच्या जुन्या वस्तीत असतात तशीच, फक्त शेजारची भांडणं इंग्रजीत. किंमत ६ लाख डॉलर. इथल्या नियमाने पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के आणि पुढच्या रकमेवर १० टक्के, म्हणजे ३५ हजार डॉलर भरले तरी घर मिळू शकतं. हे ऐकून धाकट्याने पहिल्या दिवशी पेढे आणले होते. दुसऱ्या दिवशी कर्ज जुळवून देणाऱ्या ब्रोकरबाईंनी पुढचं पान उलटलं.

खरेदीदाराने किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा कमी भरले तर कर्जाचा विमा काढावा लागतो. हा विमा देणारी सर्वांत जुनी संस्था सीएमएचसी, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं मिळावीत म्हणून १९४६ साली सरकारने काढलेली. विम्याची गंमत अशी की पैसे भरायचे धाकट्याने आणि संरक्षण मिळायचं बँकेला. धाकट्याने हप्ते थकवले तर विमा कंपनी बँकेचं नुकसान भरून देते. धाकट्याच्या वाट्याला काही नाही. वर ऑन्टॅरिओ सरकार त्या विम्याच्या वर्गणीवर ८ टक्के कर लावतं, आणि तो रोख भरायचा असतो. मुद्रांक शुल्कासारखं इथलंही एक शुल्क आहे. या घरावर ते ८,४७५ डॉलर होतं. पहिलं घर म्हणून ४ हजार माफ.

आता खरा पेपर. त्याला इथे ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणतात. बँकेने साडेचार टक्क्यांनी कर्ज देऊ केलं, तरी तुमची ऐपत तपासायची ती साडेसहा टक्क्यांनी. ठरलेल्या व्याजात २ टक्के मिळवा, किंवा ५.२५ टक्के धरा. यातलं जे जास्त, त्या दराने हप्ता झेपला पाहिजे. धाकट्याने १ लाख डॉलर भरले, तर विम्यासकट कर्ज होतं ५ लाख १४ हजार. पंचवीस वर्षांसाठी साडेचार टक्क्यांनी महिन्याचा हप्ता सुमारे २,८४५ डॉलर. परीक्षेपुरता तो सुमारे ३,४४० धरायचा. न वाढलेल्या व्याजाचा न भरायचा हप्ता भरता येतो, हे सिद्ध करायचं.

त्या काल्पनिक हप्त्यात घराचा कर आणि घर गरम ठेवण्याचा खर्च मिळवतात. ही बेरीज दोघांच्या ढोबळ पगाराच्या ३९ टक्क्यांच्या आत बसली पाहिजे. घर गरम ठेवायला पैसे लागतात, हे आईला अजून पटलेलं नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा ती म्हणते तेच खरं: इकडचं ऊन तिकडे नेता आलं असतं तर जिल्ह्याचं कर्ज एका उन्हाळ्यात फिटलं असतं.

किमान ३५ हजारच भरले तर परीक्षेचा हप्ता ३,९०० च्या वर जातो आणि धाकटा सपशेल नापास. म्हणून लाखाचा आकडा. त्यातले ८५ हजार इतक्या वर्षांत साठले आहेत, उरलेले बाबांचे. बाबांच्या पैशाने आणखी एक काम होतं: भरणा किमतीच्या १५ टक्क्यांवर जातो आणि विम्याची वर्गणी कर्जाच्या ३.१ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर येते. ब्रोकरबाईंनी दुसरा मार्गही सुचवला होता. डिसेंबर २०२४ पासून पहिलं घर घेणाऱ्याला विमा असलेलं कर्ज ३० वर्षांसाठी मिळतं, हप्ता कमी बसतो. सूनबाईने तिथल्या तिथे हिशेब केला. शेवटचा हप्ता भरताना धाकट्याचं वय बाबांच्या आजच्या वयाएवढं असेल. ती म्हणाली, “नको. तेव्हा यांचे गुडघे भरायचे असतील.”

बाबा विचारतील, एवढा अविश्वास काहून? त्यालाही कारण आहे. २००६ नंतर दोनेक वर्षं याच कॅनडात एक डॉलर न भरता, ४० वर्षांच्या मुदतीने घर मिळत होतं. शेजारी अमेरिकेत तर उत्पन्नाचा कागदही न बघता कर्जं वाटली गेली आणि २००८ मध्ये ती सगळ्या जगाच्या डोक्यावर कोसळली. त्या ऑक्टोबरात इथल्या सरकारने बिनभरण्याची कर्जं बंद केली. मुदतही तेव्हाच ३५ वर्षांवर आणली, मग २०११ मध्ये ३०, २०१२ मध्ये २५. विमा असलेल्या कर्जांना परीक्षा २०१६ मध्ये लागली, बाकीच्यांना १ जानेवारी २०१८ पासून.

धाकटा या परीक्षेला महिनाभर शिव्या देत होता. मग मूळचे मूर्तिजापूरचे एक गृहस्थ भेटले. त्यांनी २०२१ मध्ये घर घेतलं, बदलत्या व्याजाने. तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा दर ०.२५ टक्के होता. मार्च २०२२ पासून दहा वेळा वाढून जुलै २०२३ मध्ये तो ५ टक्क्यांवर गेला. त्यांच्या बँकेने हप्ता तेवढाच ठेवला होता, त्यामुळे पुढे पुढे त्यातून व्याजही निघेना आणि कर्ज दर महिन्याला वाढू लागलं. भरतोय आणि वाढतंय. शिवाय इथे कर्ज २५ वर्षांचं असलं तरी करार बहुधा ५ वर्षांचा. मुदत संपली की त्या दिवशीच्या दराने पुन्हा बसायचं. आपण सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर नवं-जुनं करतो तसंच, फक्त पाच वर्षांनी. परीक्षेत धरलेला तो जादा दर नसता तर घर केव्हाच विकलं असतं, असं ते गृहस्थ स्वतःच म्हणाले. धाकट्याच्या शिव्या तेव्हापासून निम्म्यावर आल्या आहेत.

आता भिशी. सूनबाई इथल्या मराठी बायकांच्या भिशीत आहे: दहा जणी, महिना ५०० डॉलर. चौथ्या महिन्यात तिची चिठ्ठी निघाली आणि ५ हजार खात्यात आले. भरण्याचे पैसे कुठून आले हे दाखवायला बँक ९० दिवसांचा खातेउतारा मागते आणि मोठी जमा दिसली की बोट ठेवते. या जमेवर ठेवलं. सूनबाईने भिशी समजावली. ब्रोकरबाई लुधियान्याच्या, त्यांना एका वाक्यात कळलं, “अच्छा, कमेटी!” पण बँकेचा अधिकारी लुधियान्याचा नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कागदावर दहा रेघा मारल्या, चार खोडल्या आणि विचारलं, “म्हणजे अजून सहा महिने तुम्ही दरमहा ५०० देणं लागता?”

सूनबाई गप्प झाली. हिशेब बरोबर होता.

घराचा खर्च आणि बाकीची सगळी देणी मिळून पगाराच्या ४४ टक्क्यांत बसावी लागतात. त्यात गाडीचा हप्ता कसाबसा मावतो, भिशीचे ५०० मावत नाहीत. शेवटी सूनबाईने उरलेले सहा हप्ते त्याच ५ हजारांतून मैत्रिणींना आधीच चुकते केले आणि तसं लिहून घेतलं. भिशीच्या इतिहासात बेबाकी दाखला पहिल्यांदाच निघाला असावा.

कर्जाची पतही इथे कर्ज घेऊनच सिद्ध करायची. ‘कोणाचा एक रुपया देणं नाही’ हे बाबा ज्या अभिमानाने सांगतात, ते इथे सांगितलं तर कपाळावर आठी येते. आल्याआल्या धाकट्याची पत शून्य होती, कारण त्याने कधी उधारी केली नव्हती. मग क्रेडिट कार्डावर दूध-भाजी घेऊन आणि ते वेळेवर फेडून आकडा वाढवला. हा आकडा ३०० ते ९०० असतो, आपल्या सिबिलसारखाच. दादांना सिबिलचा अनुभव आहेच. पीककर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावूनही काउंटरवरचा माणूस काय म्हणाला, ते त्यांनी सांगितलं होतं.

आजोबांचं याच्या उलट. त्यांनी माडी चढवली ती कापसाच्या चुकाऱ्यांवर. एकाधिकार खरेदीचे दिवस होते. चुकारे हप्त्याने यायचे, तसं घरही हप्त्याने उभं राहिलं. एका वर्षी भिंती, पुढच्या वर्षी जिना, आणि मधलं वर्षभर माडी होती पण वर जायला शिडी होती. तेवढ्या वर्षांत आजोबांना कोणी पगाराचा कागद विचारला नाही, कारण पगारच नव्हता. विटाभट्टीवाल्याला नाव सांगितलं की गाडी भरायची. हॅमिल्टनमध्ये आजोबांचं नाव सांगून पाहायला धाकट्याची हरकत नाही, पण स्पेलिंगच विचारतील.

म्हणून ती सही. बाबांचे पैसे परत द्यायचे असतील तर बँकेच्या लेखी ते कर्ज होतं. कर्ज म्हटलं की ते ४४ टक्क्यांच्या हिशेबात जातं आणि हिशेब फुटतो. आणि परत द्यायचे ठरवून ‘परत नको’ लिहिणं म्हणजे बँकेला फसवणं. ते करायचं नाही. तेव्हा दादा-वहिनींसमोर बाबांनी एकदाच ठरवावं: हे दहा लाख खरोखर भेट आहेत, आणि पुढे वाटणीची वेळ येईल तेव्हा ते धाकट्याच्या हिश्श्यात धरायचे. सूनबाई म्हणते, हे चार ओळींत लिहून घरच्या कपाटात ठेवावं. धाकट्यालाही ते पटतं. वहिनींना त्या चार ओळी आधी वाचायला द्याव्यात.

पैसे पाठवताना अकोल्याच्या बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागेल, पॅनकार्ड न्यावं. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस कापत नाहीत; वरच्या रकमेवर मात्र २० टक्के कापतात. ते नंतर आयकरात वळतं होतं, पण आत्ता हातातून जातं. तेव्हा आईने तिच्या डब्यातले वीस हजार प्रेमाने त्यात घालू नयेत.

सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

ता.क. कागदावरची सही पॅनकार्डावर आहे तशीच करावी. मागच्या वेळेसारखं नावापुढे ‘माजी सरपंच’ लिहू नये. बँक विचारेल की त्याचं उत्पन्न किती.