परतीच्या बोलीवर युरोप

युरोपचा व्हिसा काढायला निघालेल्या माणसाची पहिली चूक ही, की तो आपल्याला युरोप किती आवडतो हे पटवून द्यायला बसतो. आयफेल टॉवर बघायची लहानपणापासूनची इच्छा, यश चोप्रांच्या सिनेमांत पाहिलेलं स्वित्झर्लंड, व्हेनिसच्या होड्या. वकिलातीतल्या माणसाला यातलं काहीही नको असतं. तुम्ही जाल, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. परत याल का, एवढाच त्याचा प्रश्न आहे. तेव्हा खूणगाठ बांधून ठेवा: अर्ज युरोपात शिरण्याचा दिसत असला, तरी आपण तो तिथून वेळेवर निघण्याबद्दल करतो आहोत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कॉलनीतल्या लोकांच्या व्हिसाच्या फायली लावून देण्याचं काम माझ्याकडे आपसूक आलं आहे. त्या जोरावर सांगतो, एवढं एक ज्याला कळलं त्याला पुढचं मार्गदर्शन वाचायची गरज नाही. तरी वाचावं.

आधी देश ठरवा. शेंगेनचा व्हिसा एकच असतो आणि त्यावर २९ देश फिरता येतात. पण अर्ज एकाच देशाकडे करायचा असतो. जिथे जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे. या सरळ नियमाला प्रत्येक कॉलनीत एक वाकडी वाट सांगितली जाते: ‘अमक्या देशाचा पटकन मिळतो, त्याचा काढ आणि खुशाल पॅरिसला जा.’ हे ऐकून एका सद्गृहस्थांनी अशा देशात सहा रात्री दाखवल्या, की ज्याची राजधानी त्यांना नकाशावर बोट फिरवून शोधावी लागली. तिथे काय बघणार, असं खिडकीवर विचारल्यावर ते ‘निसर्ग’ म्हणाले. असं करू नये. आणखी एक: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, आणि इंग्लंड दोन्हीकडे नाही. त्यामुळे ‘जाता जाता लंडनला मावशीकडे दोन दिवस’ म्हणजे दुसरा व्हिसा, दुसरी फी आणि दुसरी फाइल. मावशीलाच पुण्याला बोलवावं, स्वस्त पडतं.

या सगळ्याचा उगम कागद दाखवण्याच्या कंटाळ्यात आहे. १४ जून १९८५ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांच्या प्रतिनिधींनी मोझेल नदीवर, शेंगेन या लक्झेंबर्गमधल्या खेड्यापाशी, ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ नावाच्या बोटीत बसून सह्या केल्या, की यापुढे एकमेकांच्या हद्दीवर तपासणीसाठी थांबायचं नाही. त्यांचं थांबणं वाचलं. ते वाया जाऊ नये म्हणून आपल्याकडे पाठवण्यात आलं.

आता फॉर्म. यात आडनाव, जन्माच्या वेळचं आडनाव आणि नाव असे तीन रकाने असतात आणि मराठी घरातल्या बाईला ते पुरत नाहीत. जन्मदाखल्यावर एक, पॅनकार्डावर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरीच बाई निघते. पासपोर्टात ‘सुनीता रमेश’ असं छापलं असेल, तर रमेश हेही तुमच्या पत्नीचंच नाव आहे अशी तिकडची प्रामाणिक समजूत होते. ती खोडून काढायला जाऊ नका, फॉर्मवर जसंच्या तसं उतरवा. लग्नाची नोंदणी केलेली नसेल, तर मात्र खरी धावपळ आहे. पाचशे पानं उठवून लावलेलं, व्हिडिओ कॅसेटवर अजून शाबूत असलेलं लग्न सरकारच्या लेखी झालेलंच नसतं. मग पंचविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर लग्नपत्रिका शोधा, साक्षीदार शोधा, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही हवी म्हटल्यावर गुरुजी शोधा. गुरुजी कैलासवासी झालेले असतात.

फोटोबद्दल थोडक्यात. ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकी पार्श्वभूमी, ओठ मिटलेले. हसू नका. आनंदी माणूस तिकडे राहण्याच्या विचारात आहे, असं वाटू शकतं.

फाइलचा गाभा म्हणजे तुम्हाला इथे बांधून ठेवणाऱ्या गोष्टींचे पुरावे. एरवी जे काही आपल्या मानगुटीवर बसलं आहे असं आपण म्हणतो, ते सगळं या कामी भांडवल ठरतं. घराचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत? उत्तम. मुलगा दहावीत? सोन्याहून पिवळं. ज्या साहेबांनी सख्ख्या भावाच्या लग्नाला दोन दिवसांची रजा देताना दोन महिने लावले, त्यांच्याकडूनच आता कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आणायचं असतं, की हे आमचे मौल्यवान कर्मचारी असून अमुक तारखेला ते पुन्हा कामावर हजर होतील. साहेब सही करताना ‘मौल्यवान’ शब्दावर थबकतात. तिथे आपण खिडकीबाहेर बघावं. पगारवाढीच्या वेळी हे पत्र पुराव्यादाखल काढू नये, त्याचा तिथे उपयोग होत नाही.

धंदा असेल तर गुमास्ता परवाना आणि जीएसटीचे कागद, निवृत्त असाल तर पेन्शनचं स्टेटमेंट, आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. शेती असेल तर सातबारा. सातबारा इंग्रजीत करून द्यावा लागतो, आणि हे काम कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नाही. सामाईक गट, नऊ चुलतभावांची नावं, दोन मयत आणि एकीचा हक्कसोड बाकी, पोटखराबा वेगळा, विहिरीत सात आणे हिस्सा, इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा. मुंबईतल्या एखाद्या तरुण युरोपीय अधिकाऱ्याने हा उतारा शांतपणे वाचून संपवला, तर त्याची एका गोष्टीबद्दल खात्री पटायला हवी: इतकी गुंतागुंत मागे टाकून कुणी पळून जाऊच शकत नाही. गेलाच, तर चुलते आणतील.

गोव्यातल्या वाचकांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. निदान ज्यांचे आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मले आणि ज्यांनी त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेतली, त्यांनी तरी. त्यांच्या हाती पोर्तुगालचा पासपोर्ट येतो आणि व्हिसाचा प्रश्नच मिटतो. भारताचा पासपोर्ट मात्र परत करावा लागतो, म्हणजे गोव्यात घरी यायचं तर कागद लागतात. एकूण कागद कुणालाच चुकत नाहीत.

बँकेचं स्टेटमेंट हा माझा हातखंडा विषय. खात्यात किती आहेत यापेक्षा कधीपासून आहेत, याला महत्त्व असतं. वर्षभर तीस-चाळीस हजारांवर घुटमळणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून चार लाख आले, की ते चार लाख तुमचे नाहीत हे वाचणाऱ्याला कळतं. कारण वाचणाऱ्यालाही मेव्हणे असतात. पैसे फिरवायचेच असतील तर सहा महिने आधीपासून फिरवावेत, आणि तेवढा काळ पैसे सोडणारा मेव्हणा आधी शोधावा. हल्ली यूपीआयमुळे आणखी एक पंचाईत झाली आहे. पूर्वी दोन पानांत मावणारं स्टेटमेंट आता चाळीस पानांचं येतं, आणि त्यात आपला सगळा संसार उघडा पडतो. वडापाव वीस रुपये, कोथिंबीर दहा रुपये, पंक्चर, पुन्हा वडापाव. फ्रान्सने हॉटेलचं आरक्षण असलेल्या पाहुण्याकडे रोजचे ६५ युरो तरी असावेत असं धरलं आहे, आरक्षण नसलेल्याकडे १२०. आपली कोथिंबीर पाहून आपण पॅरिसमध्ये दिवसाला ६५ युरो उडवू यावर त्यांनी विश्वास ठेवावा, अशी आपली विनंती असते. ती प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का मारून करावी.

मुलगा जर्मनीत असेल तर खर्चाचा प्रश्न तो सोडवू शकतो. त्याने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन, पगाराच्या चिठ्ठ्या दाखवून, लेखी हमी द्यायची की आईवडिलांचा राहण्याखाण्याचा आणि वेळ पडल्यास दवाखान्याचा खर्च माझ्याकडे. ज्याच्या क्लासची फी तुम्ही हप्त्याहप्त्याने भरली, त्याने तुमचा भार सरकारदरबारी सहीनिशी उचलला आहे, असा हा कागद. अनेक वडील तो नातेवाइकांना दाखवता यावा म्हणून मूळ प्रत स्वतःजवळ ठेवतात आणि अर्जाला झेरॉक्स जोडतात. उलटं करावं.

विम्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं, साऱ्या शेंगेन देशांत चालणारं हवं. पॉलिसीचा कागद वाचायचा आपला प्रघात नाही, पण हा जरूर वाचावा. तातडीचे उपचार, रुग्णालय आणि आजारी पडल्यास मायदेशी रवानगी यांबरोबरच त्यात मृत्यूनंतर देह परत पाठवण्याचा खर्चही धरलेला असतो. म्हणजे रजेचं पत्र खोटं ठरलं, सातबारा फसला, चुलते झोपले, तरीही तुम्ही परत येणार याची सोय युरोपने आधीच करून ठेवली आहे, आणि हप्ता तुमच्याकडून घेऊन. हा विचार मनात आला तरी प्रवासाची सगळी मजा जाते, म्हणून बायकोला पॉलिसीचं फक्त पहिलं पान दाखवावं.

विमान आणि हॉटेल हा भाग ललित लेखनात मोडतो. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट पक्कं करू नये, पण आरक्षण मात्र दाखवावं लागतं. हॉटेलं पैसे न कापता रद्द होणारी बघावीत आणि रोजचा कार्यक्रम तारीखवार लिहून जोडावा. ‘मंगळवार: सकाळी संग्रहालय, दुपारी दुसरं संग्रहालय.’ घराजवळच्या संग्रहालयात शेवटचं कधी गेला होता, हे कुणी विचारत नाही. कव्हर लेटर एका पानाचं असावं: कोण, कुठे, किती दिवस, खर्च कुणाचा, आणि शेवटी परतीची तारीख. शक्य तर दोनदा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात मे महिन्याच्या सुट्टीसाठी तारीख मिळवायची तर पाडव्याची वाट पाहत बसू नये. फी ९० युरो (जून २०२४ पर्यंत ८० होती), सहा ते बारा वर्षांच्या मुलांची निम्मी. त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, त्यावर एसएमएसचे, कुरिअरचे, आणि वर्तमानपत्र चाळत कॉफी प्यायची तर लाउंजचे वेगळे. दहा बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्यांना माफी आहे. आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या, भांडी घासलेल्या आजींचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. मग बोट पुसा, दाबा, पुन्हा पुसा, ‘आजी, सैल सोडा हो’, असं चालतं. एकदा उमटले की ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत. काउंटरवरची मुलगी जाडजूड फाइलमधून अर्धे कागद काढून तुमच्या हातात देते. यांत हमखास सातबारा असतो. वाद घालू नये. गावी तो पुन्हा लागतोच.

निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, लांबला तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जातो. पाकीट घरी आलं की ते लगेच फोडायचं नसतं, आधी चाचपायचं असतं. आत पासपोर्टखेरीज एखादा घडी घातलेला कागद लागतोय का? लागला, तर तो नकाराचा. २०२४ मध्ये भारतातून ११ लाखांच्या आसपास अर्ज गेले आणि दीड लाखाहून जास्त नाकारले गेले, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. कागदावर कारणांची छापील यादी असते आणि तुमच्या कारणापुढे खूण. त्यातलं एक कारण असं, की मुदतीत परत निघण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल रास्त शंका आहे. ज्या बाईच्या नावे ही खूण येते, तिने तीस वर्षांत माहेरीसुद्धा दोन रात्रींच्या वर मुक्काम केलेला नसतो, पण तसा दाखला कोणतीच कचेरी देत नाही. फी परत मिळत नाही. अपील करता येतं, त्याची रीत देशागणिक वेगळी. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय बंद केली. आता दाद मागायची तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात. सुनावणीला जातीने हजर राहण्याचा आग्रह धरू नये, कारण त्याला व्हिसा लागेल.

मिळाला असेल, तर पेढे आणण्याआधी स्टिकर वाचा. पासपोर्ट क्रमांक, किती वेळा प्रवेश, आणि राहण्याचे दिवस. व्हिसाच्या वैधतेच्या दोन तारखांमधलं अंतर महिन्याचं दिसलं, तरी राहायचं ते त्या दिवसांच्या रकान्यात असेल तितकंच. आणि वेळेवर परत या. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी नियम झाला आहे: तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पूर्वी याला पासपोर्टवरचे शिक्के साक्षीला असत. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकात नोंद ठेवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. युरोपची त्याने सोय झाली. शेजाऱ्यांना पासपोर्ट उघडून दाखवणाऱ्यांची मात्र गैरसोय आहे.

फाइल रद्दीत टाकू नका. आठवड्याभरात कुणीतरी ती मागायला येतंच, विशेषतः कव्हर लेटर. खुशाल द्यावं, पण देताना बजावून सांगावं, की तारखा आणि हॉटेलं बदलता तशी बायकोचं नावही बदला. आमच्या बी विंगमधल्या दोघांनी या उन्हाळ्यात एकाच वहिनींना घेऊन युरोपला जायची परवानगी मागितली आहे.