डोक्यावर बसलेली रोझमेरी

शनिवार पेठेत आता माका, ब्राह्मी, जास्वंदीला कुणी विचारत नाही. ओंकारेश्वराला निघालेले काकाही आधी ड्रॉपर डोळ्यांशी धरून रोझमेरी तेलाचे थेंब मोजतात. केस, डोकेदुखी, स्मरणशक्ती, शिवाय लादीच्या पाण्यात दोन थेंब. गुण लिहायला बाटली अपुरी. पुरावा मागा, लगेच २०१५ चा इराणी अभ्यास पुढे: टक्कल पडणारे १०० जण, ६ महिने, निकाल २ टक्के मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधाच्या तोडीस तोड. दोन्हींपैकी काहीच न लावलेला तिसरा गट त्यात नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही. निव्वळ लावलं तर टाळूची आग होऊ शकते, म्हणून ते मिसळायचं कशात? आजीच्या खोबरेलात! चमचाभरात दोन-तीन थेंब पुरे. सहा महिने धीर नसेल तर सरळ टोपी घ्या. गुण लगेच येतो.